शिडाच्या बोटीवरचा दोघांचा संसार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकोतल्या कोर्तेसच्या समुद्रात आम्ही नवरा-बायको शिडाच्या बोटीवर राहतो. नातेवाईक, जुने सहकारी आणि अनोळखी वाचक सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे जिवाशी गाठ असते. "वायफाय आहे का?" याला तेवढं लांब उत्तर नाही. आहे.

नेमके असता कुठे?

मेक्सिकोच्या पश्चिम अंगाला बाहा कॅलिफोर्निया नावाचं लांबलचक, चिंचोळं द्वीपकल्प आहे. ते आणि मुख्य भूमी यांच्यामधलं पाणी म्हणजे कोर्तेसचा समुद्र. नकाशावर 'कॅलिफोर्नियाचं आखात' असंही लिहिलेलं असतं. लांबी सुमारे ११०० किलोमीटर. आमचं बहुतेक फिरणं ला पाझ शहरापासून उत्तरेला सांता रोसालियापर्यंतच्या किनाऱ्यावर होतं. कर्कवृत्त ला पाझच्या थोडं दक्षिणेकडून जातं, म्हणजे अक्षांश आपल्या उदयपूरच्या जवळपासचा. पाऊस मात्र वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा होत नाही. लालसर उघडे डोंगर, माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीचे निवडुंग आणि ते थेट निळ्या-हिरव्या पाण्यात उतरलेले. नारळी-पोफळीची सवय असलेल्या डोळ्यांना पहिले काही महिने हे देखावा म्हणून पटतच नाही. इथल्या बेटांना आणि संरक्षित किनारी भागांना २००५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

पाणी खरंच कोमट असतं?

ऑगस्टमध्ये ३० अंशांच्या वर. जानेवारीत ला पाझला २० च्या आसपास, आणि उत्तरेला त्याहून गार. हिवाळ्यात रात्री डेकवर बसायचं तर स्वेटर लागतो. जाहिरातीत दिसतो तो समुद्र मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला.

वर्षभर फिरत असता का? कुठे जायचं हे कसं ठरवता?

आम्ही ठरवत नाही, वारा ठरवतो. हे वाक्य नाटकी वाटतं, पण आमचं वर्ष खरंच वाऱ्यांवर चालतं.

नोव्हेंबर ते मार्च उत्तरेचे वारे असतात. इथले लोक त्यांना 'नोर्ते' म्हणतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पठारावर जास्त दाबाची हवा साचली की ती या आखातात घुसते आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे तिचा जोर वाढतो. २० ते ३० नॉट वारा दोन-तीन दिवस, कधी आठवडाभरही. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, तेव्हा आकडा फार मोठा वाटणार नाही. खरा त्रास लाटांचा. शेकडो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून वारा येतो, पण आखात चिंचोळं, त्यामुळे लाटा उंच आणि अगदी जवळजवळ उठतात. बोट एका लाटेवरून उतरत नाही तोच नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, दुसरीत घुसते. अशा वेळी उत्तरेला निघणं म्हणजे बोटीचे आणि माणसांचे हाल. दोन नोर्तेंच्या मध्ये उघडीप मिळते, तेवढ्यात पुढचा आडोसा गाठायचा.

एप्रिल-मेमध्ये वारे फिरतात, दक्षिणेकडून येऊ लागतात, आणि बोटवाल्यांचा सगळा गोतावळा उत्तरेकडे सरकतो. ला पाझच्या आसपास याच सुमाराला 'कोरोमुएल' सुरू होतो. पॅसिफिककडची गार हवा द्वीपकल्पाच्या सखल भागातून संध्याकाळी आखातात उतरते आणि रात्रभर दक्षिण-नैर्ऋत्येकडून वाहते. शहरात राहणाऱ्यांना तो वरदान, कारण दिवसभराची लाही शांत होते. एस्पिरितु सांतो बेटाच्या आमच्या आवडत्या खाड्या मात्र पश्चिमेला उघड्या. दुपारी तळ्यासारखं पाणी पाहून नांगर टाकलेला पाहुणा रात्री दोन वाजता ताटवाट्यांच्या आवाजाने उठतो.

जुलैपासून उत्तरेत 'चुबास्को', म्हणजे रात्रीची अचानक येणारी वळवाची वादळं. तास-दोन तासांचा खेळ, पण त्यात वारा ४०-५० नॉटपर्यंत जाऊ शकतो आणि दिशा बदलत राहतो. झोपण्यापूर्वी डेकवर एकही सैल वस्तू ठेवायची नाही, हा आमच्याकडचा उन्हाळ्याचा नियम. ऑक्टोबर सरता सरता आम्ही पुन्हा दक्षिणेला वळतो, आणि तेच वर्षातले सगळ्यात चांगले दिवस.

चक्रीवादळ आलं तर काय करता?

पूर्व पॅसिफिकचा चक्रीवादळांचा हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर असा धरतात. आखाताच्या तोंडाशी, म्हणजे ला पाझ आणि त्याखाली, धोका सर्वाधिक असतो आणि तोही ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये 'ओडिल' हे तिसऱ्या श्रेणीचं वादळ द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला, काबो सान लुकासजवळ किनाऱ्यावर आलं आणि द्वीपकल्पावरून वर गेलं. ला पाझच्या खाडीत कितीतरी बोटी किनाऱ्यावर फेकल्या गेल्या, काही बुडाल्या, माणसंही गेली. इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात काळाचे दोन भाग असतात: ओडिलच्या आधी आणि नंतर.

म्हणून पर्याय दोनच. एक, हंगामात उत्तरेला राहायचं, जिथे वादळं पोचेपर्यंत सहसा ढिली पडतात. अनेक विमा कंपन्या 'या तारखा ते या तारखा, अमुक अक्षांशाच्या वर' अशी अटच घालतात. दोन, बोट पाण्याबाहेर काढून यार्डात जखडून ठेवायची आणि भारतात यायचं. समोरच्या सोनोरा किनाऱ्यावर ग्वायमास आणि सान कार्लोसला अशी मोठी यार्डं आहेत. आम्ही दोन्ही केलं आहे. माझा कौल दुसऱ्याला. ऑगस्टमध्ये केबिनमध्ये ३६-३७ अंश तापमान असताना रोज वादळाचे अंदाज वाचत बसण्यात पराक्रम काही नाही. शिवाय गणपती त्याच दिवसांत येतात.

रात्री झोपल्यावर बोट वाहून जात नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण देते. शीड उभारणं महिन्याभरात जमतं. नांगर नीट टाकणं हे खरं कौशल्य, आणि आमच्या आयुष्याचा बराचसा भाग नांगरावरच जातो.

नांगर वजनाने बोट धरत नाही, तो तळात रुततो म्हणून धरतो. रुतण्यासाठी साखळीची ओढ आडवी पडायला हवी, म्हणून साखळी भरपूर सोडावी लागते. हिशेब असा: पाण्याची खोली ५ मीटर, भरतीला वाढणारी दीड मीटर, पाण्यापासून नाळेची उंची १ मीटर, एकूण साडेसात. त्याच्या पाचपट, म्हणजे साडेसदतीस मीटर साखळी नेहमीच्या हवेत. वारा वाढणार असेल तर सातपट, म्हणजे पन्नासच्या पुढे. मग इंजिन मागच्या गिअरला टाकून हळूहळू जोर वाढवायचा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून पाहायचं. रेष हलली नाही तर नांगर बसला. पाणी स्वच्छ असलं की आमच्यातला एक जण चष्मा लावून पोहत जातो आणि डोळ्यांनी बघून येतो. वाळू उत्तम. दगडधोंडे आणि दाट समुद्री गवत वाईट. फोनवर नांगराचा गजर लावतो, बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की तो बोंबलतो.

ला पाझच्या खाडीत आणखी एक प्रकार आहे. तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार आणि वारा बरेचदा त्याच्या उलट. त्यामुळे नांगरावरच्या बोटी आपापल्या मर्जीने फिरतात. खोल कील, म्हणजे बुडाखालचा जड पंखा, असलेली बोट प्रवाहाचं ऐकते, उथळ बुडाची वाऱ्याचं. संध्याकाळी शंभर फुटांवर असलेला शेजारी पहाटे खिडकीशी येऊन उभा. वॉल्ट्झ म्हणजे जोडीने गिरक्या घेत करायचा नाच, म्हणून याला सगळे 'ला पाझ वॉल्ट्झ' म्हणतात. नवीन माणूस घाबरतो, जुना माणूस कॉफीचा मग घेऊन डेकवर येतो आणि शेजाऱ्याला गुड मॉर्निंग म्हणतो.

भरतीसाठी आमच्याकडे ॲप आहे आणि मराठी दिनदर्शिकाही टांगलेली आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, हे इथेही ढोबळमानाने लागू पडतं. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत मात्र इथे चालत नाही. ला पाझला दिवसाच्या दोन भरत्यांत एक मोठी, एक लहान असते आणि वेळाही निराळ्या. आखाताच्या अगदी उत्तर टोकाला पाणी सहा-सात मीटर चढतं-उतरतं. तिथे नांगराचा हिशेब चुकला तर ओहोटीला बोट चिखलात आडवी.

पोहता येत नाही. चालेल का?

पाहुणे म्हणून चालेल. राहायचं असेल तर आधी शिका.

बोट केवढी आहे?

३६ फूट, फायबरची, वयाने जुनी. एक डोलकाठी, दोन शिडं, एक डिझेल इंजिन. आत एक बेडरूम, एक बसायची जागा जिथे चार माणसं जेवू शकतात, कोपऱ्यात स्वयंपाकघर, एक बाथरूम. सरासरी वेग ५ नॉट, म्हणजे सायकलपेक्षा कमी. ला पाझ ते उत्तरेचं पुएर्तो एस्कोंदिदो बंदर हे सुमारे १२० सागरी मैलांचं अंतर गाडीने अर्ध्या दिवसात होतं. आम्हाला दहा दिवसही लागतात, कारण मध्ये थांबण्यासारखं फार आहे.

आणि हो, इंजिन आम्ही भरपूर वापरतो. या समुद्रात वारा एक तर नसतो, नाही तर नको तेवढा असतो. "आम्ही फक्त शिडावर जातो" असं सांगणाऱ्याच्या डिझेलच्या पावत्या मागून पाहा.

पाणी आणि वीज कुठून आणता?

वीज सौर पॅनेलवर. वाळवंटातलं ऊन असल्यामुळे त्याची कधी कमतरता नाही. सगळ्यात जास्त वीज फ्रीज खातो, उन्हाळ्यात तर अखंड.

पाण्यासाठी समुद्राचं खारं पाणी गोडं करणारं छोटं यंत्र आहे. साधारण ५५ बार दाबाने पाणी एका पातळ पडद्यातून ढकलतात, मीठ मागे राहतं. आमचं यंत्र तासाला वीस-पंचवीस लिटर देतं आणि दोघांना दिवसाला तेवढं पुरतं. हो, अंघोळ धरून. समुद्रात डुबकी, साबण, आणि शेवटी तांब्या-दोन तांबे गोडं पाणी. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची, गोड्याने विसळायची. हे यंत्र बंदरात चालवायचं नाही, तिथे पाण्यावर डिझेलचा तवंग असतो आणि तेल त्या पडद्याला मारक. नळाचं क्लोरीनसुद्धा त्याला चालत नाही. त्यामुळे यंत्र धुवायचं पाणी कोळशाच्या फिल्टरमधून गाळून घ्यावं लागतं.

आणि... बाथरूमचं काय?

प्रत्येक काकू हे विचारतात, आवाज खाली आणून. हातपंपाचा कमोड आहे, खाली टाकी आहे. नांगर टाकलेल्या खाडीत काहीही सोडायचं नाही, खुल्या समुद्रात लांब गेल्यावर टाकी रिकामी करायची. खाऱ्या पाण्यामुळे पाइपात चुन्यासारखा थर चढतो, तो व्हिनेगरने किंवा शेवटी पाइप काढून आपटून काढावा लागतो. हे काम कोण करतं यावर आमच्यात लेखी करार आहे. पुढचं विचारू नका.

जेवायला काय करता? आपलं सामान मिळतं का?

सुखाची बातमी अशी की मेक्सिकोत मराठी स्वयंपाक अडत नाही. कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू, चिंच, लसूण, पपई, नारळ सगळं बाजारात. हरभरे, मसूर, राजमा वाण्याकडे सुटे. 'पिलोन्सीयो' नावाने शंकूच्या आकाराचा गूळ मिळतो आणि त्याची पुरणपोळी उत्तम होते. निवडुंगाची कोवळी पानं भाजीवाल्या बायका काटे काढून, चिरून देतात. त्याची दाण्याचं कूट घालून केलेली भाजी भेंडीच्या जवळ जाते, चिकटपणासकट. अंबाडीच्या लाल बोंडांचं गार सरबत इथे घरोघर असतं.

तूरडाळ, पोहे, गोडा मसाला, आमसुलं, हिंग हे मात्र सान दिएगोहून किंवा भारतातून. पोहे बोटीवरचं राष्ट्रीय अन्न आहे: वजनाला हलके, टिकतात, आणि समुद्र खवळलेला असताना दहा मिनिटांत होतात. प्रेशर कुकरबद्दल तर परदेशी बोटवाले पुस्तकात वाचून येतात. गॅस वाचतो, पाणी वाचतं, झाकण घट्ट असल्यामुळे बोट कलली तरी आतलं सांडत नाही. आपल्याला ही विद्या जन्मजात आहे, तेवढ्यापुरती मान ताठ ठेवायला हरकत नाही.

दोन नियम. पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर आणायचं नाही, त्याच्या खाचांत झुरळांची अंडी असतात. सगळं सामान धक्क्यावरच डब्यांत भरायचं. दुसरा, गॅसचा सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, ज्याला तळाशी समुद्राकडे भोक आहे. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. स्वयंपाक झाला की सिलिंडरचा कॉक बंद, रोज, न चुकता.

छोट्या गावांत काय मिळेल ते तिथल्या ट्रकवर अवलंबून. सान एव्हारिस्तोत, जिथे मासेमारी आणि मिठागर याच दोन गोष्टींवर गाव चालतं, एक छोटं दुकान आहे. आग्वा व्हेर्देला शेळीच्या दुधाचं चीज मिळतं, पनीरच्या जागी झकास. आणि सांता रोसालियाला बेकरी. १८८५ च्या सुमाराला फ्रेंच कंपनीने तांब्याच्या खाणीसाठी वसवलेलं हे गाव, त्यामुळे लाकडी घरं, आयफेलच्या नावावर सांगितलं जाणारं लोखंडी चर्च, आणि पाव. पावभाजीसाठी आम्ही तिथपर्यंत मसाला राखून ठेवतो.

रोज ताजे मासे पकडून खात असाल!

पकडतो, पण रोज नाही आणि नियमात राहून. बोटीवर गळ असेल तर बोटीवरच्या प्रत्येकाकडे परवाना लागतो, मग तो मासे पकडो न पकडो. कोळंबी, शेवंड, शिंपले, कालवं हे परदेशी माणसाने स्वतः काढायचं नाही. राखीव क्षेत्रांचे नियम आणखी कडक. म्हणून आम्ही कोळ्यांकडून घेतो. त्यांच्या उघड्या, लांबट होड्यांना 'पांगा' म्हणतात. पांगा शेजारून जाताना हात केला की थांबतात. पैशांपेक्षा कधी कधी बॅटरीचे सेल, कॉफी, मुलांसाठी वह्या यांना जास्त किंमत असते, कारण जवळचं दुकान त्यांनाही लांबच. नुसतं "किती?" विचारून सुरुवात करायची नाही, आधी नमस्कार-चमत्कार. कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

दोघांत कॅप्टन कोण? भांडणं होत नाहीत?

होतात, आणि ती जवळजवळ नेहमी नांगर टाकताना किंवा धक्क्याला लागताना होतात. कारण सोपं आहे: एक जण पुढे नाळेवर, दुसरा मागे सुकाणूवर, मध्ये इंजिनचा आणि वाऱ्याचा आवाज. ओरडून सांगितलेली कुठलीही गोष्ट रागावून सांगितल्यासारखी ऐकू येते. इलाज म्हणजे हाताच्या खुणा. पुढे, मागे, थांब, डावीकडे, उजवीकडे, 'साखळी सोडतोय'. सहा-सात खुणा पुरतात. काही जोडपी कानात वायरलेस हेडफोन लावतात, ज्यांना इथे सगळे गमतीने 'संसार वाचवणारं यंत्र' म्हणतात.

कॅप्टन पाळीपाळीने. हे कौतुकासाठी नाही. बऱ्याच बोटींवर नवऱ्याला सगळं येतं आणि बायको 'मदत करते'. सँडविच, दोऱ्या, फोटो. मला हे धोकादायक वाटतं आणि मी ते तोंडावर सांगते. दोघांच्या बोटीवर एक जण पाण्यात पडला, तर उरलेला एकटाच असतो. त्याने बोट थांबवायची, वळवायची, लाटांत माणसाचं डोकं शोधायचं आणि ऐंशी किलोचं ओलं ओझं पाच फूट वर उचलायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. पुलीची व्यवस्था आधी लावून, शांत पाण्यात सराव केलेला नसेल तर ते होत नाही. पडणाऱ्याला सुकाणू येत होतं याचा तेव्हा काही उपयोग नसतो.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक काम दोघांना आलंच पाहिजे: इंजिनचा फिल्टर बदलणं, रेडिओवर मदत मागणं, वाऱ्यात शीड लहान करणं, एकट्याने नांगर टाकणं. रात्रीच्या प्रवासात, जेव्हा एक झोपलेला असतो, दुसऱ्याने कमरेचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय कॉकपिटबाहेर, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेबाहेर, पाऊल टाकायचं नाही. यावर वाद नाही.

बाकी भांडणं पुण्यातल्या फ्लॅटमध्ये होतात तीच. फरक एवढाच की रागाने बाहेर निघून जायचं तर डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर न्यायची छोटी होडी, काढावी लागते, इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू होतं, आणि तोवर राग निम्मा झालेला असतो.

बोट लागते का?

मला लागायची. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना लागते, मग शरीर सरावतं. क्षितिजाकडे पाहा, आत जाऊन फोन वाचू नका, सुकाणू हातात घ्या, आलं चघळा. औषध घ्यायचं तर निघण्यापूर्वी. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात थांबत नाही.

चाचे, चोर, ड्रग्जवाले?

चाचे नाहीत. टोळ्यांच्या बातम्या खऱ्या आहेत, पण त्या मुख्यतः इतर भागांतल्या, आणि किनाऱ्यावरच्या खाड्यांत आमचा त्यांच्याशी संबंध येत नाही. चोरीला जाते ती डिंगी आणि तिचं इंजिन. रात्री ती पाण्याबाहेर उचलून बोटीच्या कडेला बांधायची, एवढी सवय पुरते.

कागदपत्रं काय लागतात? भारतीय पासपोर्टवर जमतं?

जमतं. ज्या भारतीयाकडे अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आहे, त्याला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस मिळतात, किती ते सीमेवरचा अधिकारी ठरवतो. जास्त राहायचं तर तात्पुरत्या रहिवासाचा अर्ज करायचा. बोटीला तात्पुरत्या आयातीचा परवाना लागतो, तो दहा वर्षांचा असतो. म्हणजे बोटीचा व्हिसा मालकापेक्षा मोठा. शिवाय विमा आणि मोठ्या बंदरांत बंदर कप्तानाच्या कार्यालयात नोंद. नियम बदलतात, निघण्यापूर्वी वकिलातीकडे विचारा, आमच्या पानावर विसंबू नका.

खर्च किती येतो?

नांगरावर राहणं फुकट, मरीनात, म्हणजे बोटींच्या भाड्याच्या धक्क्यावर, राहणं महाग. या एका वाक्यात निम्मं उत्तर आलं. इथे दोघांचा साधा महिना दोन ते तीन हजार अमेरिकी डॉलरमध्ये भागवणारी जोडपी पुष्कळ आहेत, सोयी हव्या असतील तर वर मर्यादा नाही. बोटीच्या देखभालीसाठी तिच्या किमतीच्या दहा टक्के दर वर्षी बाजूला ठेवा, असं जुने लोक सांगतात. जुन्या बोटीला तेही अपुरे पडतात. दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून बुडाला विशेष रंग द्यावा लागतो, नाही तर शेवाळ आणि टणक कवचं इतकी चढतात की वेग निम्मा होतो.

स्वस्त बोट घेऊ नका. स्वस्तात मिळालेली बोट उरलेले पैसे नंतर वसूल करते.

आजारी पडलात तर?

ला पाझला चांगले डॉक्टर आणि दवाखाने आहेत, दात तर आम्ही इथेच करून घेतले. पण काही खाड्यांपासून दवाखाना दोन दिवसांवर असतो, त्यामुळे औषधांची पेटी मोठी आणि प्रथमोपचाराचं शिक्षण दोघांचं झालेलं आहे. उथळ वाळूत पाय घासत चालायचं, कारण वाळूखाली पाकट (चपटा मासा, स्टिंग रे) बसलेली असते. पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. मारलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे ४५ अंशांपर्यंत, पाय तास-दीड तास बुडवून ठेवा. कळ ओसरते. मग जखम साफ करून डॉक्टरकडे. पोटात किंवा छातीत लागलं असेल तर थेट दवाखाना.

इस्ला सान फ्रान्सिस्कोवर, जिथला चंद्रकोरीसारखा किनारा सगळ्यांच्या फोटोत असतो, 'हेहेनेस' नावाच्या, दिसतही नाहीत एवढ्या बारीक माश्या चावतात. खाज आठवडाभर. फोटोत त्या येत नाहीत.

दिवसभर करता काय? कंटाळा येत नाही?

दुरुस्ती. खाऱ्या हवेत रोज काही तरी गंजतं, सैल होतं, अडकतं. सकाळी आठला ला पाझमध्ये रेडिओच्या २२ नंबरच्या चॅनेलवर सगळ्या बोटींची सभा भरते: हवामान, कोण आलं, कोण निघालं, कुणाकडे अमुक मापाचा पंप शिल्लक आहे. आमच्या बोटीतले कित्येक भाग या सभेतून आले आहेत.

बाकी वेळ समुद्र रिकामा ठेवत नाही. हिवाळ्याच्या शेवटी लोरेतो गावाच्या बाजूला निळे देवमासे येतात. त्यांचा श्वास आधी ऐकू येतो, मग दिसतो. वसंतात मोबुला नावाच्या पाकटांचे थवे पाण्याबाहेर उड्या मारतात आणि सपाट पोटावर आपटतात, रात्री नांगरावर असताना शेकडो टाळ्या वाजल्यासारखा आवाज येत राहतो. का मारतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. लोस इस्लोतेसच्या खडकांवर समुद्रसिंहांची वसाहत आहे. पिल्लं पोहणाऱ्यांच्या पायातले फिन ओढतात. जून ते ऑगस्ट, विणीच्या काळात, तिथे पाण्यात उतरायला बंदी असते. ला पाझच्या खाडीतल्या देवमुशीजवळ (व्हेल शार्क) जायचं तर परवानाधारक बोटीनेच, स्वतःच्या डिंगीने नाही.

आम्हालाही असं करायचंय. सुरुवात कशी करू? कोकणात जमेल का?

बोट घेऊ नका. आधी दुसऱ्याच्या बोटीवर काम करा. मुंबईत आणि गोव्यात शिडाच्या बोटी चालवायला शिकवणारे क्लब आहेत, तिथे छोट्या डिंगीपासून सुरू करा. छोट्या बोटीत वारा मानेला कळतो, मोठ्या बोटीत तो यंत्रावर वाचायची सवय लागते. मग आठवडाभराची भाड्याची बोट घ्या, दोघांनी, आणि मुद्दाम थोड्या वाईट हवेत.

कोकणात हवामान आडवं येत नाही. ऑक्टोबर ते मे पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा वायव्येचा खारा वारा. आपली गलबतं शतकानुशतकं याच घड्याळावर चालली. जयगड आणि विजयदुर्ग ही चांगली आडोशाची बंदरं आहेत. पण बऱ्याच खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, त्यामुळे आत शिरायचं ते चढत्या भरतीला. रात्री जाळी आणि दिवे नसलेल्या होड्या हा मोठा धोका. पावसाळ्यात प्रश्नच नाही, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै कोळीसुद्धा यांत्रिक बोटी ओढून ठेवतात. अडचण आहे ती सोयींची. मरीना, दुरुस्तीची यार्डं, परदेशी सुटे भाग हे अजून मुंबई-गोव्यापलीकडे फारसं नाही. बोटी बांधायचं कसब मात्र आपल्याकडे आहे: दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'म्हादेई' आणि नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये ज्या बोटीतून जगभर गेल्या ती 'तारिणी', दोन्ही गोव्यात बांधलेल्या.

भेटायला येऊ का?

जरूर या. फक्त एक अट आहे: तारीख तुम्ही ठरवा किंवा जागा तुम्ही ठरवा, दोन्ही ठरवू नका. "२० तारखेला लोरेतोच्या धक्क्यावर भेटू" असं ठरवलं की त्या आठवड्यात हमखास नोर्ते येतो, आणि वेळ पाळण्याच्या नादात माणसं नको त्या हवेत निघतात. विमानाचं परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं काढा.

चाकांची कडक सूटकेस आणू नका, ठेवायला जागा नाही. मऊ पिशवी आणा. काळ्या तळव्याचे बूट नकोत, डेकवर डाग पडतात. सनस्क्रीन प्रवाळाला न मारणारं. आणि बॅगेत जागा उरली तर गोडा मसाला अर्धा किलो, आमसुलं, आणि जाडे पोहे. पातळ नकोत, ते दमट हवेत मऊ पडतात.